टोपलीतले ज्ञान

रानात उगवलेली भाजी फुकट असते, हा समज बाजारात घासाघीस करणाऱ्यांच्या ओठी नेहमी असतो. पावसाळ्याच्या आरंभी तुंगारेश्वराच्या पायथ्याकडील पाड्यांतून आदिवासी भगिनी आम्हां वसईकरांच्या बाजारात टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळे आणि मागाहून कंटोळी आणतात. यांतले काहीच कोणी पेरलेले नसते, हे खरे. परंतु त्या टोपलीत पाल्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही येते, आणि त्याचा भाव कोणी विचारीत नाही.

शेवळ्याचेच पाहा. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचा फुलोरा पानांच्या आधी जमिनीतून वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून निष्काळजीपणे रांधलेली भाजी घशाला खाजते. वरचे आवरण सोलावे, आतला पिवळा भाग टाकून द्यावा, उरलेले बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात शिजवावे, ही त्यावरची रीत. विकणारी बाई म्हणूनच शेवळ्याच्या जुडीशेजारी काकडेही मांडते. भारंगीचा कडूपणा पाने उकडून, पाणी पिळून घालवायचा. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा.

कसे रांधावे याइतकेच काय राखावे हेही जाणावे लागते. कंटोळीची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळत नाही म्हणून नर वेल उपटली, तर शेजारची मादी वेलही वांझ राहील. कंद जमिनीत राहू दिला, तर पुढच्या पावसात वेल पुन्हा फुटते.

तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य घोषित झाले. त्याबाहेरचे माळ आणि उतार मात्र चाळी व इमारतींखाली जात आहेत. पाड्यांवरच्या मुली कारखान्यांत कामाला जातात. आमच्या सुनांना शेवळे सोलण्यास वेळ नसतो. म्हणजे हा धागा दोन्ही टोकांनी विरत आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तीत वनस्पतींची नावे टिकतील. पिवळा भाग नेमका कोठवर काढावा, हे मात्र हातानेच हाताला शिकवावे लागते. तेव्हा भाजी घेताना मागितलेला दाम पुरता द्यावा, रीत विचारून घ्यावी, आणि चिरायला घरातल्या मुलामुलींना सोबत बसवावे.