आतून उघडलेला दरवाजा

विजापूरच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ पाहून आलेल्यांना सहसा ठाऊक नसतं, की या तोफेचं आधीचं घर परंडा. १५४९ साली अहमदनगरात महंमद रूमीनं ती ओतली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. निजामशाहीनं ती परंड्याच्या किल्ल्यावर आणून बसवली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवांनी ती इथून विजापूरला ओढत नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असं सांगतात. ती गेली तरी परंड्याचं तोफांचं वैभव ओसरलेलं नाही. तटावरून फिरताना पंचधातूच्या तोफा अजून भेटतात. उन्हात तापलेल्या तोफेवर हात ठेवला की चटका बसतो, आणि अंगावरची फारसी अक्षरं बोटांना नीट लागतात, इतकी ती खोल आणि स्वच्छ कोरलेली आहेत.

परंडा हा भुईकोट. डोंगरी किल्ल्याला कडा असतो, दरी असते, अर्धी राखण निसर्गच करतो. इथे सपाट काळं रान. त्यामुळे जे काही संरक्षण, ते माणसानं हातानं उभं केलेलं: खोल खंदक, दुहेरी तट, सव्वीस बुरुज, आणि एकामागून एक असे वळणावळणाचे दरवाजे. बांधकाम बहामनी काळातलं, महमूद गवानचं मानतात. १६०० साली अहमदनगर पडलं तेव्हा मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला इथेच गादीवर बसवलं आणि काही काळ परंडा ही निजामशाहीची राजधानी झाली. आत मशीद आहे, तिचे दगडी खांब पाहिले की आधी मंदिर आठवतं. गावात ख्वाजा बद्रोद्दीन यांचा दर्गा आहे, हंसराज स्वामींचा मठ आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा.

मी इथे आले ती एका प्रश्नामागोमाग, आणि तो प्रश्न किल्ल्याचा नव्हता, देव माणसाला आपलं कधी म्हणतो याचा होता. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून एस.टी.नं परंडा. पिशवीत पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचं पुस्तक होतं. याच रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. गाडी तिथून पुढे सरकली तेव्हा मी पुस्तकातला १८९१ चा भाग वाचत होते आणि परंड्यापर्यंत तोच डोक्यात राहिला.

आमचं घर नगरचं, मिशन कंपाउंडातलं. ख्रिस्ती घरांत लहानपणी धर्म कळतो तो वागणुकीतून. खोटं बोलू नकोस, शिवी देऊ नकोस, रविवारी देवळात जा, धाकट्याला आधी दे. हे सगळं चांगलंच आहे आणि ते शिकवणाऱ्या आजीचा मला अभिमान आहे. पण या शिकवणीतून एक समज नकळत घट्ट होते, की देवाकडे एक वही आहे, आपण नीट वागलो की त्या वहीत आपल्या बाजूला काहीतरी जमा होतं, आणि जमा पुरेशी झाली की तो आपल्याला आपलं म्हणतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा याच्या बरोबर उलट आहे. तो आधी आपलं म्हणतो. माणसानं फक्त स्वतःला त्याच्या हाती सोपवायचं असतं. हे बोलायला सोपं आहे. सोपवणं ही जगातली अवघड गोष्ट, आणि हुशार, कष्टाळू, चारित्र्यवान माणसाला ती सर्वांत जास्त अवघड जाते. रमाबाईंच्या आयुष्यात हे जितकं उघड दिसतं तितकं दुसऱ्या कुणा मराठी माणसाच्या आयुष्यात मला दिसलेलं नाही.

त्यांचं बालपण म्हणजे पुण्य साठवण्याचा अखंड प्रवास. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. कुटुंब गावोगाव फिरे, देवळांत पुराण सांगे, तीर्थांत स्नानं करी, मिळेल ते दान करी. दुष्काळ आला, जवळचं सगळं संपलं, तरी व्रतं सुटली नाहीत. १८७४ मध्ये आधी वडील आणि मग आई गेली. त्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी पडली की दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात बसून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. अंगावर घालायला दुसरं काही नव्हतं.

त्यांनीच लिहिलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. हिमालयाच्या बाजूला एका तळ्यात सात तरंगते डोंगर आहेत, जो निष्पाप असेल त्याच्याकडे ते सरकत येतात, असं या बहीणभावांनी ऐकलं होतं. तिथवर चालत गेले. पाण्यात मगरी आहेत, जवळ जाऊ नका, असं पुजाऱ्यांनी बजावलं. श्रीनिवासानं पहाटे कुणाचं लक्ष नसताना पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिलं. डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती आणि लावलेली झाडं. मागे होडी, आणि दक्षिणा मिळाली की होडीतला माणूस डोंगर ढकलायचा. लबाडी उघडी पडली हा गोष्टीचा एक भाग झाला. मला त्यातली ती दोन तरुण मुलं दिसतात: उपाशी, थकलेली, काठावर उभं राहून डोंगर आपल्याकडे येतोय का ते पाहणारी. आपण निष्पाप आहोत का, याचा निकाल त्यांना एका डोंगराकडून हवा होता. इतके मैल चालून, इतके उपास करून तो निकाल त्यांच्या हाती लागला नव्हता.

पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकांतूनही येतो. कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांनी छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे चर्चा इथेच थांबते. त्यांनी धर्म का बदलला, कोणाला राग आला, कोणी बाजू घेतली. पण रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबात बाप्तिस्मा हा शेवट नव्हता. त्या म्हणतात, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे पत्रांतून जे वाद झाले ते पाहिले तर कळतं, की ही बाई कुणाच्या सांगण्यावरून गुडघे टेकणारी नव्हती. शिकलेल्या, पटलेल्या, सेवेत बुडालेल्या ख्रिस्ती स्त्रीचं जे काही कर्तव्य, ते सगळं त्या करत होत्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. आत मात्र समाधान नव्हतं.

मग १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं आत्मकथन पडलं. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचे पाळक. वर्षानुवर्षं उपासना चालवलेला, देवळं बांधलेला हा माणूस. ऑक्टोबर १८५१ मध्ये एका रविवारी प्रवचन करता करता त्यांना स्वतःलाच कळलं, की आपण लोकांना ज्याच्याकडे बोलावतो त्याच्याकडे आपण कधी गेलेलोच नाही. ते तिथेच पालटले, आणि समोर बसलेल्यांतला एक जण उठून ओरडला, पाळकसाहेबांचं परिवर्तन झालं! हे वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासलं. बाप्तिस्मा घेतलाय, चांगली कामं करतोय, म्हणून आपण देवाच्या झालो असं आपण धरून चाललो होतो, हे त्यांना दिसलं. अगतिक होऊन त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिलं. जी शांती झेलमच्या काठापर्यंत पायी हिंडूनही मिळाली नाही, ती अशी मागितल्यावर मिळाली, असं त्या सांगतात. मला त्यांचं खरं वाटतं.

परंड्याच्या तटावर हे सगळं आठवायला कारण आहे. १६३०-३१ च्या सुमारास मोगलांचा सरदार आझमखान इथे वेढा घालून बसला. ती दख्खनच्या महादुष्काळाची वर्षं, जनावरांना वैरण मिळेना, वेढा उठवावा लागला. १६३४ मध्ये शहाजादा शुजा आणि महाबतखान आले. महिनोन् महिने खपले, पावसाळा तोंडावर आला तसे तेही परतले. जोर लावून हा किल्ला पडला नाही. १६६० मध्ये शाइस्ताखानाला तो मिळाला तो किल्लेदार गालिबानं स्वाधीन केला म्हणून. लालूच दाखवली गेली होती, तेव्हा त्या स्वाधीन करण्यात गौरव काही नाही. इतकंच, की एवढे तट आणि एवढे बुरुज आतल्या माणसाच्या एका होकारानं निकामी झाले. माणसाचं मनही सहसा बाहेरच्या धाकानं जिंकलं जात नाही. नियमांचा, नरकाच्या भीतीचा, समाजाच्या नजरेचा वेढा वर्षानुवर्षं चालतो आणि आतला किल्लेदार जागचा हलत नाही. फरक आहे तो दाराशी कोण उभा आहे याचा. शाइस्ताखान लुटायला आला होता. रमाबाईंनी ज्याला दार उघडलं तो, त्यांच्या अनुभवात, स्वतःचा जीव देऊन आला होता.

दुपारनंतर मी डोमगावला गेले. सीनेच्या काठी, परंडा तालुक्यातच, समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी. समर्थांनी सांगावं आणि कल्याणांनी उतरून घ्यावं, असा दासबोध झाला. त्यांच्या हातची प्रत या मठात जपली गेली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती छापून लोकांपुढे आणली. मठात एक वयस्क गृहस्थ पोथी वाचत बसले होते. कुठल्या, काय, अशी विचारपूस झाली. मी नगरची, ख्रिस्ती आहे म्हटल्यावर त्यांनी पोथी मिटून बाजूला ठेवली आणि मला बसायला सांगितलं.

“तुमच्यात व्रतं कोणती, ताई?”

मी म्हटलं, “काका, नियम आहेत, पण नियमांनी देव मिळतो असं आम्ही मानत नाही. त्याच्यावर स्वतःला टाकायचं, एवढंच.”

त्यावर त्यांनी मला अंबाजीची गोष्ट सांगितली. विहिरीवर आलेली झाडाची फांदी तोडायला समर्थांनी अंबाजीला वर चढवलं आणि सांगितलं, शेंड्याकडे तोंड करून बस आणि बुंध्याकडून तोड. म्हणजे स्वतः बसलेलीच फांदी तोडायची. पोरानं विचारलं नाही, तोडली, आणि फांदीसकट विहिरीत गेला. समर्थ काठावर येऊन म्हणाले, “अंबाजी, कल्याण आहे ना?” खालून आवाज आला, “कल्याण आहे.” तेव्हापासून तो कल्याण.

“आता सांगा,” काका म्हणाले, “अंबाजी कशानं तरला? फांदी चांगली तोडली म्हणून?”

दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती आली आहे आणि तिची नववी पायरी आत्मनिवेदन, हे त्यांनी मला सांगितलं. मी त्यांना नारायण वामन टिळकांबद्दल सांगितलं. टिळकांना गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. काकांना हे आवडलं. पण दोन्ही गोष्टी एकच असं मी म्हणत नाही, आणि तेही म्हणाले नाहीत. अंबाजीचा गुरू काठावर उभा होता. ख्रिस्ती माणूस मानतो की त्याचा गुरू त्याच्या आधी विहिरीत उतरला. हा भेद मला फार मोठा वाटतो आणि मी तो त्यांच्यापाशी बोलूनही दाखवला. त्यांनी मान हलवली, ती पटल्याची होती की ऐकून घेतल्याची ते त्यांना ठाऊक.

मग त्यांनी तो आक्षेप काढला जो प्रत्येक शहाणा माणूस काढतो. “सगळं देवावर टाकलं तर माणूस आळशी नाही होणार? आमच्या कल्याणस्वामींनी जन्मभर पाण्याचे हंडे वाहिले, बोटं दुखेपर्यंत लिहिलं.”

“रमाबाईंचंही तसंच झालं,” मी म्हटलं. आणि मला जे पाठ होतं ते सांगत गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. केडगावच्या माळरानावर विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकवली, आणि सुमारे दोन हजार जणींचं एक गाव उभं राहिलं. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, ते मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, बायबल १९२४ ला बाहेर पडलं. हा सगळा डोंगर १८९१ नंतरचा आहे. जमा वाढवायची गरज संपली तेव्हा त्यांच्या हातांना एवढं काम सुचलं.

काका म्हणाले, “म्हणजे आधी पोटभर जेवण, मग काम.”

“हो,” मी म्हटलं, “आणि जेवण फुकट.”

ते बराच वेळ हसले. मग आत जाऊन त्यांनी प्रसादाची वाटी आणली, आणि बार्शीची गाडी किती वाजता आहे ते सांगून, रमाबाईंच्या बायबलातलं एखादं पान आपल्याला वाचायला मिळेल का, म्हणून विचारलं. मी त्यांचा पत्ता लिहून घेतला.