हलगी कुणाची, नाव कुणाचं?



मागच्या महिन्यात नांदेडला आमच्या वस्तीतल्या विहारात चार पोरं गिटार घेऊन बसली होती. चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढायची, असा बेत. मुंबईच्या कबीर शाक्यचा ‘धम्म विंग्ज’ आणि चेन्नईचा ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हे त्यांचे आवडते बँड. एकजण म्हणाला, “ताई, लातूरकडचा एक हलगीवाला बोलावतोय. हलगी असल्याशिवाय आपल्या मातीचा आवाज येत नाही.”

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

माझे आजोबा पोळ्याला, लग्नाला, मयतीला डफडं वाजवायचे. घरात त्याला कुणी कला म्हणत नव्हतं, ती गावकी होती. बोलावणं आलं की जायचं, मिळेल ती भाकर घ्यायची. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेली जनावरं ओढायचं, मेलेल्याचं मांस खायचं सोडा म्हणून सांगितलं होतं. आमच्या गावात ते पोचायला १९५६ नंतरची वर्षं उजाडावी लागली. धम्म घेतल्यावर आजोबांनी डफडं खाली ठेवलं ते कायमचं. आजी सांगायची, त्या सुगीत गावातल्या कुणी कामाला बोलावलं नाही. तरी त्यांनी परत हात लावला नाही. अशा घरातल्या मुलीला हलगी ऐकून लगेच ‘वा’ म्हणता येत नाही.

पण पोरांचंही चुकत नाही. ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’चा पहिला कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ ला चेन्नईत झाला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केलेला हा बँड. नावामागे पंडित अयोथी दास यांचा ‘जात नसलेले तमिळ’ हा विचार आहे, आणि अयोथी दास स्वतः बौद्ध होते, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. त्यांच्या गाण्यात गिटारच्या बरोबरीने गाना आहे, पराई आहे. पराई म्हणजे तिकडची हलगीच समजा. तीही मयतीला वाजवायची सक्ती होती, तिच्यावरूनही तिकडे ‘सोडावी की उचलावी’ असा वाद झाला. स्टेजवर ती वाजते तेव्हा वाजवणाऱ्याला ‘आज नाही वाजवत’ म्हणता येतं. माझ्या आजोबांना ते म्हणता आलं नव्हतं. माझ्या लेखी सगळा फरक तेवढाच आहे.

म्हणून मी पोरांना विचारलं, हा लातूरचा माणूस कोण? मातंग समाजाचा. द्यायचे किती? दिवसाचे पाचशे. रेकॉर्डवर नावं कुणाची? “आमची चौघांची.”

एम.ए.ला असताना गोपाळ गुरूंचा लेख वाचला होता. सिद्धांत मांडणारे एकीकडे आणि नुसता अनुभव पुरवणारे दुसरीकडे, अशी ज्ञानाच्या क्षेत्रातली जातवार वाटणी त्यांनी दाखवली आहे. तेव्हा आम्ही बोट दाखवलं ते प्रस्थापितांकडे. इथे तर आपलीच पोरं कवी, संगीतकार, गायक; आणि हलगीवाला नुसता आवाज पुरवणारा. आपण डफडं सोडलं, ते बरंच केलं. पण गावानं ते काम बंद केलं नाही, मातंग वस्तीकडे वळवलं, आणि आपण त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. लातूर जिल्ह्यात कामानिमित्त फिरताना हे तोंडावर ऐकून घेतलंय मी. “जयंतीच्या मिरवणुकीपुरती तुम्हाला आमची हलगी लागते,” एक म्हातारे म्हणाले होते. मला उत्तर देता आलं नाही.

पोरं थोडी रुसली. मग त्यांनीच मोबाईल स्पीकरवर ठेवून त्या हलगीवाल्याला फोन लावला. नाव टाकू, पैसे पाचांत सारखे वाटू, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ते ठीक हाय. तुमच्या चार गाण्यांत अण्णाभाऊंवर किती हायत?”

एकही नव्हतं. तीन बाबासाहेबांवर, एक बुद्धावर.

आता रेकॉर्ड पाच गाण्यांची होणार आहे. पाचवं तोच लिहितोय. चाल अजून बसलेली नाही, आणि गिटारवाल्याची त्याच्याशी रोज भांडणं चालू आहेत.