‘बघू’ची मजुरी

परवा कोजागिरीच्या रात्री आमच्या कर्जतला, नदीपलीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत हाउझीचा खेळ होता. धाकटा मुलगा तिथे राहतो, म्हणून मलाही आमंत्रण. दूध आटत होते, चंद्र वर आला होता, आणि मुंबईहून मुद्दाम आणलेला एक तरुण ध्वनिक्षेपकावरून आकडे पुकारत होता. खेळातून उरेल ती रक्कम एका आश्रमशाळेला जायची होती. त्या तरुणाचे मानधन किती, असे मी शेजारच्या गृहस्थांना सहज विचारले. त्यांनी आकडा सांगितला आणि माझ्या हातातले तिकीट खाली पडले. मग खुर्च्या लावणारी, तिकिटे वाटणारी, दुधाचे पेले उचलणारी दोन पोरे दिसली. वाडीवरची असावीत.

“आणि ह्यांना काय?” मी विचारले.

“त्यांचं काय, बघू!” गृहस्थ म्हणाले.

वाचकहो, मराठी भाषेत ‘बघू’सारखा सोयीस्कर शब्द नाही. त्यात होकार नाही, नकार नाही, तारीख नाही, रक्कम नाही. हा शब्द मी स्वतः एकदा वापरला होता आणि तो मला चांगलाच महाग पडला होता. पुढचे आकडे माझ्या तिकिटावर होते की नव्हते, मला ठाऊक नाही. मी चाळीस वर्षे मागे गेलो होतो.

साल १९८३. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड झाल्याला दोनच वर्षे झाली होती. आमच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर अजून कुलाबाच होता. मी शाळामास्तर, आणि संध्याकाळी वाचनालयाचा खजिनदार. खजिनदार हे पद मोठे वाटते, पण खजिना म्हणजे एक पत्र्याची पेटी. तिचे कुलूप लागत नसे, आणि लागावे असे तिच्यात काही नसेही. वाचनालयाचे छप्पर गळत होते. घाटाच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना ‘गळणे’ ह्या शब्दाचा अर्थ कळणार नाही. त्या श्रावणात आमची कादंबऱ्यांची दोन कपाटे भिजली होती आणि नायक-नायिका एकमेकांना कायमची चिकटली होती.

तेव्हा समितीने ठरवले, दिवाळी आटोपली की आठवड्याने तीन रात्रींचा आनंदमेळा भरवायचा. त्यात सोडत आणि हाउझी. सोडतीचे तिकीट एक रुपया. पहिले बक्षीस सायकल, दुसरे प्रेशर कुकर, तिसरे भिंतीवरचे घड्याळ. समितीतल्या वकीलसाहेबांनी कायद्याची पुस्तके उघडली. १९५८ सालच्या मुंबईच्या लॉटरी कायद्याने जत्रेमेळ्याच्या निमित्ताने होणाऱ्या, खाजगी नफ्यासाठी नसलेल्या सोडतीला वाट मोकळी ठेवलेली होती. ‘खाजगी नफा नको’ हे वाक्य वकीलसाहेबांनी तीनदा वाचून दाखवले. त्याची आठवण पुढे सगळ्यांना राहिली, आणि नको त्या ठिकाणी राहिली.

माणसे जमवायचे काम माझ्याकडे होते. आकडे पुकारायला रेल्वेतून निवृत्त झालेले एक आप्पा मिळाले. जन्मभर त्यांनी बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने लावण्याच्या कामात काढलेला. त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही पळसदरीपर्यंत गेला असता. सोडतीचे पिंप फिरवायला आमचा शिपाई होताच. तिकिटांच्या टेबलावर मात्र हिशेबाला पक्के माणूस हवे होते. शिपायानेच केळवलीच्या एका मावशींचे नाव सुचवले. नवरा वारलेला, सातवी शिकलेल्या, तोंडी हिशेबात मला हरवतील अशा. त्या खोपोलीच्या शटलने कर्जतला आल्या, मेळ्याचे टेबल कुठे असेल ते पाहिले आणि मला विचारले, “मास्तर, काय देणार?”

मी म्हणालो, “मावशी, समाजाचं काम आहे. बघू.”

त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटले, पटले.

मेळा रंगला. तिन्ही रात्री गर्दी लोटली. आप्पांनी ‘दोन बदके, बावीस’ म्हटले की पोरे बदकासारखी ओरडत. पण खेळ संपायला रोज मध्यरात्र होई, आणि मध्यरात्री खोपोलीकडे जायला मावशींना गाडी नसे. त्या वाचनालयाच्या ओसरीवर तिकिटांची पेटी उशाला घेऊन निजत आणि सकाळच्या पहिल्या गाडीने घरी जात. गरव्या भाताची कापणी चालू होती. रात्रभर जागलेली बाई सकाळी उशिरा शेतावर पोचली, तर तिला पुरी मजुरी कोण देणार? हे सगळे मला तेव्हा दिसत नव्हते असे म्हणणे खोटे होईल. दिसत होते, पण मी पेटीतली रक्कम मोजत होतो.

चौथ्या दिवशी हिशेब केला. मंडपवाल्याचे बिल पुरते चुकते केले. ध्वनिक्षेपकवाल्याचे केले. छापखान्याचे केले. आप्पांना शाल आणि नारळ दिला. आणि तिकिटांची अर्धुके व रोकड ताडून पाहिली, तर एकतीस रुपये पन्नास पैसे कमी!

समितीची बैठक बसली. अध्यक्ष भाताचे व्यापारी, सज्जन गृहस्थ, पण हिशेबात दगड. ते म्हणाले, “देवाच्या पेटीत हात घातला बाईनं.” वकीलसाहेबांनी ‘खाजगी नफा नको’ हे वाक्य चौथ्यांदा म्हटले. एकाने, तिला पुन्हा बोलावू नये, असा ठराव मांडला. मी खजिनदार. ‘मीच तिला बघू म्हणालो होतो’ एवढे पाच शब्द मला बोलायचे होते. मी बोललो नाही. ठराव मंजूर झाला आणि मीच तो वहीत लिहिला. अक्षर माझे चांगले होते.

पंधरा दिवसांनी शिपाई उरलेली तिकीटपुस्तके रद्दीत घालायला निघाला होता. एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेले त्याला दिसले, ते त्याने माझ्यापुढे आणून ठेवले. वळणदार शाळकरी अक्षरात लिहिले होते : तीन दिवसांची कापणीची अर्धी मजुरी, रोजी सात प्रमाणे एकवीस. खाणे, रोजी अडीच प्रमाणे साडेसात. गाडीभाडे तीन. एकूण एकतीस रुपये पन्नास पैसे. खाली सही. तारीख तिसऱ्या रात्रीची होती.

चोर सही करीत नाही, वाचकहो. आणि चोर अर्धी मजुरीही लावत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे कितीतरी वर्षे हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहिला, आणि जिथे मिळेल तिथे मी त्याच्याबद्दल वाचत राहिलो. आमच्या समितीची शंका अगदीच वेडगळ नव्हती, हे कबूल केले पाहिजे. दानाच्या नावाने खेळ मांडायचा आणि मांडणाऱ्यांनीच पगाराच्या रूपाने तो खाऊन टाकायचा, ही युक्ती जगभर जुनी आहे. म्हणूनच न्यूयॉर्क राज्याने १९५७ साली घटनादुरुस्ती करून धर्मादाय बिंगोला परवानगी दिली, तेव्हा खेळ चालवणाऱ्या कोणालाही मोबदला मिळता कामा नये, अशी अटच घटनेत घातली. इंग्लंडच्या १९३४ सालच्या कायद्यानेही मेळ्यातल्या सोडतीच्या उत्पन्नातून काय वजा करता येईल ते मोजून सांगितले : करमणुकीचा खर्च, तिकिटांची छपाई आणि बक्षिसांची ठरावीक रक्कम. तिकीट छापणारा त्यात आहे; ते विकणारा नाही. आमच्या समितीने हा कायदा कधी वाचला नव्हता, पण पाळला मात्र अक्षरशः!

आता आपल्याकडची गंमत पाहा. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. तिचे तिकीट विकणाऱ्याला कमिशन होते. ते कोणाला पाप वाटले नाही. १९४८ सालचा किमान वेतनाचा कायदा परिशिष्टात नोंदलेल्या धंद्यांना लागू होता, आणि शेतीकाम त्या परिशिष्टात होते. म्हणजे मावशी दिवसा भात कापत, त्याला कायद्याने काही किमान दर होता. रात्री त्याच हातांनी वाचनालयासाठी तिकिटे फाडत, त्याला मात्र पुण्य! मला वाटते, मेळा मांडणाऱ्या समितीने एक पैसाही घेऊ नये. उत्पन्नात वाटा तर कोणालाच नसावा, कारण वाटा आला की गरिबाच्या गळ्यात जास्त तिकिटे मारली जातात. पण जो रोजावर जगतो, त्याला रोज द्यावा, आणि तो मेळ्याच्या आधी ठरवावा. ज्याच्या घरी दुसऱ्या दिवसाचे तांदूळ आहेत त्यानेच फुकट राबावे. अध्यक्षांच्या वखारीत तर दोन वर्षांचे होते. असो.

रविवारी मी शटलने केळवलीला गेलो. खळ्यावर झोडणी चालली होती. मावशींनी हातातली पेंढी खाली ठेवली, पदराने तोंड पुसले, घोंगडी टाकली. मी खिशातून पन्नास रुपये काढले.

“हे कसले, मास्तर?”

“तुमच्या मजुरीचे.”

“माझी मी घेतली की. पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. पुन्हा कशाला?”

मी नोटा हातात धरून तसाच बसलो. मग त्या म्हणाल्या, “शिपाई सांगत होता, वहीत माझं नाव लिहिलंय म्हणून.”

“हो.”

“कोणी लिहिलं?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागाने नव्हे, शाळेत मी पोरांकडे पाहतो तसे. “मग तुम्हीच ते दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या आणि झोडणीला उठल्या. जाताना सुनेला सांगून मला चहा मात्र पाजला.

पुढच्या बैठकीत मी तो पुठ्ठा टेबलावर ठेवला, आणि आधी न बोललेले शब्द बोललो. भांडण झाले. वकीलसाहेब म्हणाले, “न विचारता घेतले ते घेतलेच.” मी म्हणालो, त्यांनी विचारले होते, उत्तर मी दिले नव्हते. एका सभासदाने राजीनामा दिला, तो आठवड्याने परत घेतला. अध्यक्षांनी पुठ्ठा चष्म्याजवळ नेऊन बेरीज स्वतः करून पाहिली, पुन्हा केली, आणि म्हणाले, “बेरीज बरोबर आहे. अर्धीच लावली आहे तिनं.” ह्या माणसाला न्याय कळत असे, पण तो आकड्यांतून. जुना ठराव रद्द झाला. ‘मेहनताना व प्रवासखर्च, रु. ३१.५०’ अशी नोंद खर्चाच्या बाजूला पडली. शिपायालाही तीन रात्रींचे पैसे मिळाले. ते त्याने मागितले नव्हते, म्हणून मला जास्त लाज वाटली. आप्पांनी शालीवरच समाधान मानले. पेन्शन येते, म्हणाले.

छप्पर पुरते व्हायला आणखी एक मेळा लागणार होता. १९८५ च्या दिवाळीआधी मी पुन्हा केळवलीला गेलो. ह्या खेपेला समितीने ठरवलेला रोज माझ्या खिशात कागदावर लिहिलेला होता, अध्यक्षांच्या सहीनिशी. मावशी अंगणात सारवत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, “रोज किती?”

मी कागद वाचून दाखवला.

“जेवण धरून की सोडून?”

ह्याचा विचार समितीने केला नव्हता. “ब—” असे माझ्या तोंडून निघालेच होते. मावशी शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

“सोडून,” मी म्हणालो.