प्रश्नपत्रिकेबाहेरचे प्रश्न

मराठीच्या अध्यापनात वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हातून किती प्रश्न तयार होत असतील, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. सत्रान्त परीक्षा, अंतर्गत चाचण्या, पुनर्परीक्षा, तोंडी परीक्षा. 'सविस्तर उत्तरे लिहा', 'टिपा लिहा', 'ससंदर्भ स्पष्टीकरण करा'. चाळिशी ओलांडलेले आम्ही काही अध्यापक एकत्र बसलो की गमतीने म्हणतो, आपण ज्यात सर्वाधिक लेखन केले तो वाङ्मयप्रकार म्हणजे प्रश्नपत्रिका. या वाङ्मयप्रकाराचे एक वैशिष्ट्य मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. त्यातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रश्नकर्त्यास आधीच ठाऊक असते. एरवी वाट विचारतो तो परगावचा माणूस. परीक्षेत मात्र गावातलाच माणूस परगावच्याला वाट विचारतो आणि तो चुकला की गुण कापतो.

परीक्षेला अशा प्रश्नांची गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. अडचण पुढची आहे. पंधरा-सोळा वर्षे एवढ्या एकाच जातीचे प्रश्न पाहिलेला विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात येतो, तेव्हा प्रश्न म्हणजे पकडले जाण्याची जागा, एवढाच अर्थ त्याच्या मनात पक्का झालेला असतो. 'काही शंका?' असे विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती समाधानाची नसते. उत्तरे कशी द्यावीत हे त्याला शिकविले गेले आहे. अजून कोणालाच उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न कसा विचारावा, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

अशा वेळी आम्हांस दोन पुस्तके आठवतात. पहिले ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' (1882). सुरत येथे 1881 साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने स्त्रियांच्या वाढत्या अनीतीवर वृत्तपत्रांतून चर्चा झडली. त्या चर्चेचा प्रश्न ठरलेला होता : स्त्रिया अशा का बिघडल्या? हा प्रश्न एकदा मान्य केला की उत्तर कोणत्याही बाजूने दिले तरी आरोपीच्या पिंजऱ्यात स्त्रीच उभी राहते. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे नाकारले आणि प्रश्नच फिरविला. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषात नाहीत काय? ग्रंथाच्या नावातील 'तुलना' हा शब्दच या फिरविलेल्या प्रश्नाचे नाव आहे. सर्वांना दिसत असलेल्या गोष्टी त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहावयास लावल्या. हा ग्रंथ पुढे दीर्घ काळ विस्मरणात गेला आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. आमच्या वाङ्मयेतिहासांनीही आपले काही प्रश्न किती उशिरा विचारले, याची ही नोंद समजावी.

दुसरे पुस्तक इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (1967). विदुर आणि युधिष्ठिर हे पितापुत्र असावेत काय, असा प्रश्न इरावतीबाई त्यात विचारतात. त्यासाठी त्यांनी नवी पोथी शोधून काढलेली नाही. विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापाने जन्मास आलेला यमधर्मच होय. युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. नियोगासाठी दिराला बोलाविण्याची प्रथा होती आणि विदुर हा पंडूचा धाकटा भाऊ. अखेरीस वनात देह ठेवताना विदुर योगबलाने युधिष्ठिराच्याच शरीरात प्रवेश करतो. महाभारताच्या श्रोत्यांना हे सारे शतकानुशतके ठाऊक होते. विखुरलेल्या या तपशिलांना एकत्र बसविणारा प्रश्न मात्र कोणीतरी विचारावा लागतो.

चांगल्या प्रश्नाची एक खूण आम्हांस येथे सापडते. त्याचे उत्तर 'नाही' असे आले तरी हात रिकामे राहत नाहीत. विदुर हा युधिष्ठिराचा पिता नव्हता, असे ठरले तरी त्या दोघांमधील जिव्हाळा, सूत म्हणून विदुराला नाकारलेले राज्य आणि धर्म या शब्दाचे दोन्हींकडे असलेले सावट यांकडे आपण पूर्वीसारखे पाहू शकत नाही. उलट 'विदुराचे स्वभावचित्र रेखाटा' या प्रश्नाचे उत्तर कितीही बरोबर लिहिले, तरी लिहिणारा होता तिथेच राहतो.

हे ध्यानात घेऊन गेली काही वर्षे आम्ही वर्गात एक साधा प्रयोग करीत आहोत. नवी साहित्यकृती शिकविण्यापूर्वी वीस मिनिटे विद्यार्थ्यांनी फक्त प्रश्न लिहायचे. उत्तर द्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला हसायचेही नाही. मग त्या प्रश्नांच्या तीन राशी करायच्या : ज्यांचे उत्तर पुस्तकात आहे ते, ज्यांसाठी दुसरे पुस्तक उघडावे लागेल ते, आणि ज्यांसाठी उठून कोणाकडे तरी जावे लागेल ते. पहिली रास नेहमीच मोठी असते. तिसऱ्या राशीत कधी दोन-तीनच चिठ्ठ्या पडतात. पण वर्ग चालतो तो त्यांच्यावर.

जात्यावरच्या ओव्या शिकवीत असतानाची एक चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, 'गावात पिठाची गिरणी आल्यावर बायका ओव्या कुठे म्हणू लागल्या?' साने गुरुजींचे संकलन वर्गाला परिचित होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, हेही आम्ही सांगितले होते. तरी या प्रश्नाचे उत्तर सुट्टीत घरी जाऊन आजीलाच विचारावे लागले. आजी म्हणाली, "गिरणी आली अन् पहाटंची झोप मिळाली. ओव्यांचं काय घेऊन बसलीस?" आणि थोड्या वेळाने, "खुंटा हातात नसला की ओवी आठवत न्हाई."

त्या दोन वाक्यांवर आमचे दोन तास गेले. पहिल्या वाक्याने हरवलेल्या लोकपरंपरेविषयीच्या हळहळीला कष्टांची बाजू दाखविली. दुसऱ्याने ओवी ही शब्दांइतकीच हाताच्या फेऱ्यात वसते, हे सांगितले. श्रमावाचून ती आठवत नाही आणि श्रम तर कोणालाच परत नको आहेत. मग आपण संग्रहात जतन करतो ते नेमके काय? हा प्रश्न त्याच विद्यार्थिनीने पुढे आपल्या प्रकल्पासाठी घेतला.

वर्गाबाहेरही हेच दिसते. विभागाच्या बैठकीत 'मुले वाचत का नाहीत?' असा प्रश्न निघाला की चर्चा तक्रारीत संपते, कारण तक्रार त्या प्रश्नातच ठेवलेली असते. 'मुले हल्ली काय वाचतात?' असे विचारले तर निदान कोणीतरी मुलांकडे जाते. घरी मुलाला 'अभ्यास झाला का?' असे विचारल्यास 'हो' एवढेच उत्तर येते. 'आज काय कळले नाही?' असे विचारल्यास तो शेजारी येऊन बसतो.

आज कोणत्याही ठरीव प्रश्नाचे नीटनेटके उत्तर खिशातल्या यंत्रावर क्षणात लिहून मिळते. याची चिंता करणारे पुष्कळ आहेत आणि ती अनाठायी नाही. पण अशा उत्तरांनी जर आमच्या प्रश्नपत्रिका निरुपयोगी ठरत असतील, तर त्या उत्तरांआधी प्रश्नपत्रिकांकडे पाहावयास हवे. सुरतेच्या खटल्याविषयी हजार उत्तरे तेव्हाही तयार होती. बुलढाण्याहून आलेला प्रश्न मात्र एकच होता. आमच्या वर्गातील तिसरी रास एका चिठ्ठीने वाढली, तरी त्या वर्षीचे शिकविणे कारणी लागले असे आम्ही समजतो.