संगीत दिग्दर्शक बदलतो तेव्हा : मुंबई, मेहता पितापुत्र आणि वाद्यवृंदांचे वारसदार

१/
वांद्र्याचा कार्टर रोड किनाऱ्याने उत्तरेकडे जात खारदांड्याच्या कोळीवाड्याला भिडतो. या रस्त्याचे अधिकृत नाव संगीतसम्राट नौशाद अली मार्ग. नौशाद याच रस्त्यावर राहत. ज्या शहरात रस्त्यालाही संगीत दिग्दर्शकाचे नाव मिळते, त्या शहराला हा शब्द समजावून सांगावा लागू नये. तरीही आजची गोष्ट त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाची आहे.

२/
चित्रपटाचा संगीत दिग्दर्शक चाल बांधतो. गाणे मुद्रित झाले की वादक पांगतात. सिम्फनी वाद्यवृंदाच्या संगीत दिग्दर्शकाने स्वतः काही रचावे अशी अपेक्षा नसते. हंगामात कोणत्या रचना वाजतील हे तो ठरवतो, नवे वादक घेताना त्याचा शब्द चालतो, आणि वर्षातले काही आठवडे तो स्वतः संचालन करतो. उरलेल्या आठवड्यांत पाहुणे कंडक्टर येतात.

३/
खारदांड्याच्या धक्क्यावर या पदाला जवळचा शब्द आहे : तांडेल. जाळे ओढणारे हात खलाशांचे असतात, पण होडी कुठे न्यायची आणि केव्हा परतायचे हे तांडेल सांगतो. तांडेल बदलला की होडी तीच, खलाशी तेच, दिशा मात्र निराळी. म्हणून प्रश्न उरतो : त्याला नेमतो कोण, आणि तो गेल्यावर काय उरते?

४/
प्रारंभ मुंबईपासून. १९३५ साली व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हौशी पारशी वादक, गोव्याहून आलेले व्यावसायिक वादक आणि नौदलाच्या बँडमधले सुषिरवादक यांच्या मेळातून तो वाजे. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९३६ रोजी, मेहलींना मुलगा झाला. त्याचे नाव झुबिन.

५/
वादकांना बारमाही वेतन देणारी व्यवस्था मात्र या वाद्यवृंदामागे नव्हती. १९५४ मध्ये अठरा वर्षांचा झुबिन शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला. १९५५ मध्ये मेहली स्वतः मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वादक म्हणून रुजू झाले. मुंबईतला वाद्यवृंद हळूहळू क्षीण होत गेला. संस्थापकाची जागा घेणारा माणूस मिळणे अशक्य नसते, पण त्याने येऊन बसावे अशी जागाच तयार नव्हती.

६/
दुसरा प्रयत्न १९५८ चा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटसंगीतातले नामवंत व्हायोलिनवादक आणि वाद्यसंयोजक होते. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापून रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणला. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, आणि तो उपक्रमही थांबला. ‘अमर अकबर अँथनी’मुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, वाद्यवृंदाचे नाव मात्र विस्मरणात गेले.

७/
आता अमेरिका. १९६० मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने जॉर्ज सोल्टी यांच्याशी संगीत दिग्दर्शकपदाचा करार केला. सूत्रे १९६२ मध्ये हाती यायची होती. दरम्यान, १९६१ च्या आरंभी फ्रिट्झ राइनर आजारी पडले आणि त्यांच्या जागी झुबिन मेहता ऐनवेळी उभे राहिले. श्रोते भारावले. डोरोथी चँडलर यांच्या नेतृत्वाखालील व्यवस्थापनाने त्यांना सहायक कंडक्टर म्हणून घेतले, पण सोल्टींना न विचारता.

८/
सोल्टींनी राजीनामा दिला. रोष झुबिनवर नव्हता. आपला सहायक निवडण्याचाही अधिकार नसेल तर हे पद कशाला, हा त्यांचा मुद्दा होता. १९६२ मध्ये सव्वीस वर्षांचे मेहता तिथे संगीत दिग्दर्शक झाले. माँट्रियलच्या वाद्यवृंदाची धुराही त्या वेळी त्यांच्याकडेच होती. सोल्टी पुढे १९६९ पासून २२ वर्षे शिकागोत राहिले आणि तिथला त्यांचा काळ सुवर्णकाळ मानला जातो. तत्त्वासाठी सोडलेल्या पदाने त्यांचे नुकसान केले नाही.

९/
वादकांची मर्जी हाही या खेळातला मोहरा असतो. १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविषयी मेहतांनी केलेला एक बोचरा शेरा छापून आला. वादक दुखावले, संघटनेने जाब विचारला, मेहतांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. बर्नस्टाईन यांच्यानंतर ते पद १९७१ मध्ये पिएर बुलेझ यांच्याकडे गेले. मेहता तिथे पोहोचले १९७८ मध्ये, आणि मग तेरा वर्षे राहिले, बर्नस्टाईन यांच्यापेक्षाही अधिक. लॉस एंजेलिसमध्ये कार्लो मारिया जुलिनी आले, न्यूयॉर्कमध्ये १९९१ नंतर कुर्ट माझूर. दोन्ही वाद्यवृंदांचे हंगाम चालूच राहिले.

१०/
तिसरी रीत तेल अवीवची. मेहतांच्याच जन्मवर्षी, १९३६ मध्ये, ब्रॉनिस्लाव ह्युबरमन यांनी स्थापलेला इस्रायल फिलहार्मोनिक हा वादकांच्या सहकारी मालकीचा वाद्यवृंद आहे. तिथे खलाशीच होडीचे मालक. मेहता १९६९ मध्ये संगीत सल्लागार, १९७७ मध्ये संगीत दिग्दर्शक, तर १९८१ मध्ये तहहयात दिग्दर्शक झाले. तहहयात असूनही त्यांनी २०१९ मध्ये आपणहून पद सोडले. १९८९ साली जन्मलेल्या लाहाव शानी यांचे नाव वारस म्हणून २०१८ मध्येच जाहीर झाले होते.

११/
या तीन शहरांत माणसे रुसली, चुकली, म्हातारी झाली. वाद्यवृंद टिकले, कारण वेतन, सभागृह, वर्गणीदार आणि निवडीची ठरलेली पद्धत यांपैकी काहीच एका माणसाच्या खिशात नव्हते. मुंबईत प्रतिभेची वाण नव्हती. मेहलींनी पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापली आणि तीन दशकांहून अधिक काळ ती घडवली. तोच माणूस, तीच निष्ठा, फक्त पायाखालची जमीन निराळी.

१२/
मुंबईत ती जमीन तयार होऊ लागली २००६ मध्ये. एनसीपीएमध्ये खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. बिसेंगालिएव पहिले संगीत दिग्दर्शक. मोठ्या हंगामांसाठी परदेशी वादक बोलवावे लागतात, ही उणीव आहे. म्हणूनच २०१२ मध्ये तिथे सुरू झालेली संगीतशाळा महत्त्वाची, कारण आज तिथे शिकणारी मुलेच उद्याचे खलाशी.

१३/
ऑगस्ट २०२३ मध्ये ८७ वर्षांचे झुबिन मेहता या वाद्यवृंदासमोर उभे राहिले, पाहुणे म्हणून. कार्यक्रम झाले, पाहुणा परतला आणि वाद्यवृंद आपल्या जागी राहिला. १९५५ मध्ये मुंबईला हे साधले नव्हते. खरी कसोटी अजून पुढे आहे : पहिल्या संगीत दिग्दर्शकानंतर दुसरा येईल, तेव्हा तो रिकाम्या मंचावर येईल की बसलेल्या वादकांपुढे?