मुहर्रक : मोत्यांचे बेट, उचलीची वही

बहरीनला जाणारे प्रवासी विमान मुहर्रक बेटावर उतरते. प्रवासी मात्र बहुधा तेथे थांबत नाही; पूल ओलांडून तो राजधानी मनामाच्या काचेच्या मनोऱ्यांकडे निघून जातो. अरब समाजाच्या प्रगतीची जुनी आणि अधिक बोलकी पाने मात्र मागे राहिलेल्या मुहर्रकच्या अरुंद गल्ल्यांतच वाचावयास मिळतात.

या गल्ल्यांतून सुमारे साडेतीन किलोमीटरचा ‘मोतीमार्ग’ जातो. व्यापाऱ्यांचे वाडे, वखारी, मशीद आणि दक्षिण टोकाचा बू माहिर किल्ला त्याने जोडले आहेत. समुद्रातील शिंपल्यांच्या तीन क्षेत्रांसह या साऱ्यास २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. सियादी या मोती-व्यापारी घराण्याच्या वाड्यातील नक्षीकाम पाहिले की त्या काळच्या वैभवाची कल्पना येते.

हे वैभव ज्यांच्या श्वासावर उभे होते, त्यांचे वाडे नाहीत. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने पाणबुडे समुद्रावर असत. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेला दोर बांधून ते दिवसातून कितीतरी वेळा तळाशी जात. हंगामापूर्वी घरखर्चासाठी ‘नाखुदा’ म्हणजे नौकेचा प्रमुख त्यांना उचल देई. हिशेब नाखुदाच्या वहीत राही आणि पाणबुड्याला अक्षरओळख नसे. हंगाम संपला तरी कर्ज फिटत नसे. बाप गेला की ते मुलाच्या माथी येई.

१९२०च्या दशकात प्रशासनाने नियम केला, की प्रत्येक पाणबुड्याजवळ त्याच्या हिशेबाची वही असलीच पाहिजे. सावकारी हितसंबंधांनी विरोध केला. पुढे उचल घटली तेव्हा स्वतः पाणबुडेही रस्त्यावर आले, कारण कर्ज जाचक असले तरी चूल त्यावरच पेटत होती. सुधारणा किती अवघड असते, याचे हे उत्तम उदाहरण.

अरबांची आधुनिकता तेलातून उगवली, हा समज मुहर्रक खोडून काढते. मुलांची पहिली आधुनिक शाळा तेथे १९१९ साली निघाली आणि मुलींची १९२८ साली. जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले ते १९३२ साली. तोवर जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी मोत्यांचा व्यापार खिळखिळा केला होता. तेलाने उत्पन्न दिले. शिक्षणाची ओढ त्याआधीचीच होती.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. आखाती मोती मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात येत आणि तेथून युरोपात जात. बहरीनमध्ये चलन रुपयाचेच होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र रुपया काढला आणि १९६५ साली बहरीनने स्वतःचा दिनार आणला.

आजचे बहरीन उघड्या मनाचे आहे. २००२च्या निवडणुकांत स्त्रियांनी मतदान केले, उमेदवारीही केली. परंतु प्रगतीच्या जमाखर्चात नावेची बाजूही असते. मनामाच्या चौकात सहा शिडांवर तोललेला भव्य मोती उभा होता. २०११ साली तेथे लोकांनी राजकीय हक्कांसाठी ठिय्या दिला. आंदोलन मोडले गेले, स्मारक पाडण्यात आले आणि त्याचे चित्र असलेले पाचशे फिल्सचे नाणेही चलनातून काढून घेण्यात आले.

मनामाचे मनोरे ज्यांनी बांधले, ते बहुतांशी दक्षिण आशियातील मजूर. त्यांतील अनेकजण दलालाचे पैसे भरण्यासाठी कर्ज काढून येतात. काम सुरू होण्यापूर्वीच डोक्यावर बोजा, हे पाणबुड्याचेच प्राक्तन. २००९ साली मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा कायद्याने मिळाली. घरकाम करणारे मात्र त्यातून वगळले गेले.

म्हणून मुहर्रकचा मोतीमार्ग केवळ वैभवाचे स्मारक नाही. समाजाची प्रगती मनोऱ्यांच्या उंचीवरून मोजता येत नाही. सर्वांत दुबळ्या माणसाची वही त्याच्याच हाती आहे काय आणि ती त्याला वाचता येते काय, यावरून ती मोजावी. हा निकष एकट्या अरबांना लावून भागणार नाही. जेथे जेथे उचल देऊन माणूस बांधला जातो, तेथे तो लागू पडतो.