किर्द-खतावणीकडून शुश्रूषेकडे

हळदीच्या अडत दुकानाची किर्द-खतावणी नऊ वर्षे सांभाळल्यावर मी परिचारिका होण्याचे ठरविले, तेव्हा आप्तेष्टांनी एकच प्रश्न विचारला : "घरात काय कमी आहे?" प्रश्न आपुलकीचा होता, परंतु नोकरी ही अडलेल्याने करावयाची गोष्ट, त्यातही परक्याचे मलमूत्र काढण्याची, हा भाव त्यात होताच. वैयावृत्त्य आपण अंतरंग तपांत गणतो. तेच पगार घेऊन केले की हलके कसे ठरते, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

या विचाराचे मूळ सासूबाईंच्या आजारपणात आहे. अर्धांगवायूनंतर घरी येणारी परिचारिका पाणी पाजण्यापूर्वी त्यांना ताठ बसवून गिळता येते की नाही ते पाही, दर दोन तासांनी कूस बदलवी, आणि पोटात गेलेले पाणी व बाहेर पडलेली लघवी यांचा चोवीस तासांचा तक्ता मांडी. तो जमाखर्च मला तत्काळ उमगला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल उत्तम संख्याशास्त्रज्ञ होत्या, हे मला पुढे कळले. आश्चर्य वाटले नाही.

मार्ग निवडणे मात्र सोपे नव्हते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. माझी बारावी वाणिज्य शाखेची. आपल्या घरांतील बहुतेक मुली वाणिज्यच घेतात, हे दार आपोआप बंद होते याचा विचार न करता. ए.एन.एम. दोन वर्षांत होते, पण त्याचा भर गावपातळीवरील माता-बालकांच्या आरोग्यावर. मला रुग्णालयातील वॉर्ड हवा होता. उरले तीन वर्षांचे जी.एन.एम. त्याला इंग्रजीसह कोणत्याही शाखेची बारावी चालते. वयाची अट ३५ ची, आणि मी बत्तिशीत. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केले की पदवीही हाती येते.

"म्हणजे चारांऐवजी पाच वर्षे," मामंजींनी हिशेब केला, "एवढा काळ भांडवल अडकणार." मी म्हटले, तिसऱ्या वर्षाअखेर नोंदणी होऊन पगार सुरू होऊ शकतो, पदवी त्यानंतरची. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी किर्दीवर नवा मुनीम बसला, तेव्हा त्यांचा होकार कळला. रात्रपाळीत चौविहार कसा पाळणार, हे त्यांनी नंतर विचारले; सूर्यास्तापूर्वी जेवून निघते, एवढेच उत्तर आहे.

खरा अडसर सासूबाईंचाच होता. अडखळत्या शब्दांत त्या म्हणाल्या, "तू लोकांना बघणार, मग मला कोण बघणार?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. दुसरे वर्ष चालू आहे. पहाटे त्यांचे स्नान उरकून मी निघते. दिवसा एक मावशी असतात, त्यांच्या हातचे पाणी सासूबाई रुसून पीत नाहीत. मी परतल्यावर मावशींनी लिहिलेला तक्ता पाहते आणि राहिलेले पाणी घोटाघोटाने पाजते. मुलगा शेजारी गृहपाठ करतो. पदवीची ती पुढची दोन वर्षे घ्यावीत की नाहीत, हे या तक्त्याकडे पाहूनच ठरेल.